सोर्सवरून इन्स्टॉलेशन : बिघाड व निदान

सॉफ्टवेअर तयार बायनरी (यंत्राला थेट चालवता येणाऱ्या) रूपात न घेता त्याचा सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ मजकूर) उतरवून घ्यायचा, तो आपल्याच यंत्रावर कंपाइल करायचा (म्हणजे त्याचे बायनरी रूप करायचे) आणि तयार झालेल्या फाइली ठरलेल्या जागी बसवायच्या, या क्रियेला सोर्सवरून इन्स्टॉल करणे म्हणतात. युनिक्स व लिनक्स प्रणालींत तिच्या तीन पायऱ्या रूढ आहेत : ‘./कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’. पहिली पायरी यंत्राची तपासणी करून मेकफाइल, म्हणजे पुढच्या कामाच्या सूचनांची फाइल, तयार करते, दुसरी कंपाइल व लिंक करते, म्हणजे तयार तुकडे एकत्र जोडते, तिसरी फाइली जागेवर नेऊन ठेवते. ही क्रिया मध्येच अडली तर कारण शोधण्याची जी रीत गेल्या काही दशकांत तयार झाली, तिचा विचार येथे मुख्यतः सी व सी++ भाषांतील सॉफ्टवेअरपुरता केला आहे. या रीतीचे सूत्र असे, की बिघाड ज्या पायरीवर दिसतो तिच्या आधीच्या पायरीत त्याचे कारण बहुधा असते. पुढील बहुतेक उदाहरणे या सूत्राचीच आहेत.

उगम : तीन पायऱ्यांपैकी ‘मेक’ सर्वांत जुनी. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये ते लिहिले. त्याचे वर्ष सामान्यतः १९७६ दिले जाते. काही ठिकाणी १९७७ आढळते. हा फरक बहुधा लेखन आणि वितरण यांतला असावा. प्रोग्रॅमर्स वर्कबेंच या युनिक्स आवृत्तीतून ते बाहेर पडले, १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समुळे सर्वत्र गेले, आणि फेल्डमन यांचा त्यावरील निबंधही १९७९ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यामुळे लेखनासाठी १९७६ हे वर्ष स्वीकारणे सयुक्तिक वाटते. २००३ मध्ये या कामासाठी त्यांना एसीएम या संगणकशास्त्र संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मेकच्या जन्मामागची हकिगत खुद्द फेल्डमन यांनी सांगितलेली आहे आणि ती निदानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एका प्रोग्रॅममधील चूक दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली. लिंक झाली ती जुनीच ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल केल्यावर मिळणारी फाइल). मुळात बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधण्यात त्यांची सकाळ वाया गेली. फेल्डमन यांनाही आदल्या संध्याकाळी हाच अनुभव आला होता. यातून उपाय निघाला तो असा : सोर्स फाइलची वेळ ऑब्जेक्ट फाइलच्या वेळेपेक्षा नंतरची असेल तर ती पुन्हा कंपाइल करायची. फाइलच्या आत काय आहे हे मेक पाहत नाही, फक्त वेळ पाहते. या एका निर्णयाचे फायदे आणि त्रास आजही चालू आहेत.

मेकफाइलमधील आज्ञेच्या ओळीआधी टॅब हवाच, हा नियमही त्याच काळातला. फेल्डमन यांच्या सांगण्यानुसार काही आठवड्यांतच सुमारे डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून टॅब तसाच ठेवला गेला. आजही कुणी मेकफाइलचा तुकडा कुठून तरी चिकटवला आणि टॅबच्या जागी आठ स्पेस आल्या, की ‘मिसिंग सेपरेटर’ असा संदेश येऊन काम थांबते. नजरेला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून नवशिक्याचा यात फार वेळ जातो.

‘कॉन्फिगर’च्या उगमाबद्दल एकमत नाही. लॅरी वॉल यांच्या ‘आरएन’ या वृत्तवाचक प्रोग्रॅमबरोबर १९८० च्या दशकाच्या मध्यास ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) येत असे. ती वापरणाऱ्याला प्रश्न विचारी आणि उत्तरांवरून पुढे जाई. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत ती परंपरा टिकली. सिग्नस कंपनीची आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी या कंपायलरसाठी लिहिलेली अशा आणखी दोन स्क्रिप्ट प्रचारात होत्या. त्या यंत्राचे नाव ऐकून त्यानुसार आधीच लिहून ठेवलेल्या फाइली निवडत. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ च्या उन्हाळ्यात जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या छोट्या साधनांसाठी जी स्क्रिप्ट हाताने लिहिली ती मात्र यंत्राला नाव विचारत नव्हती, प्रत्यक्ष प्रयोग करून पाहत होती. अशा स्क्रिप्ट तयार करणारे साधन म्हणजे ऑटोकॉन्फ. काही लेखक वॉल यांना जनक मानतात, काही मॅकेन्झी यांना. नाव वॉल यांच्याकडून आले आणि पद्धत मॅकेन्झी यांची, असे म्हणणे वस्तुस्थितीला जास्त धरून आहे. पुढे ऑटोमेक व लिबटूल यांची भर पडून आजची साखळी पूर्ण झाली. सीमेक (२०००) व मेसन (२०१३) या नंतरच्या साधनांनी वाक्यरचना बदलली, तपासणीचे तत्त्व तेच ठेवले.

तपासणी कशी होते : हे समजले तर पुढचे निम्मे काम होते. झेडलिब ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार फंक्शनांचा संच) आहे का, हे पाहण्यासाठी कॉन्फिगर कोणतीही यादी चाळत नाही. ‘कॉन्फटेस्ट.सी’ नावाचा चार-पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहितो, त्यात झेडलिबमधील एखादे फंक्शन बोलावतो आणि कंपायलरला देतो. जमले तर पडद्यावर ‘येस’, न जमल्यास ‘नो’. म्हणजे ‘नो’चा खरा अर्थ ‘लायब्ररी नाही’ असा नसून ‘हा छोटा प्रोग्रॅम काही कारणाने तयार झाला नाही’ असा आहे. ते कारण पडद्यावर येत नाही, ‘कॉन्फिग.लॉग’ या फाइलीत उतरते.

ही फाइल शेवटपासून वाचायला घेणाऱ्याची निराशा होते, कारण शेवटी चलांच्या किमतींची लांबलचक यादी असते. त्या यादीच्या वर सरकत गेले की ‘फेल्ड प्रोग्रॅम वॉज’ ही ओळ लागते. तिच्याखाली कॉन्फटेस्टची प्रत्येक ओळ उभ्या रेघेने सुरू होऊन जशीच्या तशी छापलेली असते, आणि लगेच वर कंपायलरचे स्वतःचे शब्द. तिथे ‘झेडलिब.एच : नो सच फाइल’ असे असेल तर हेडर, म्हणजे लायब्ररीतील फंक्शनांची ओळख देणारी फाइल, नाही. ‘कॅनॉट फाइंड -एलझेड’ असेल तर लिंकरला लायब्ररी सापडली नाही. दोन्हींचा उपाय बहुधा एकच असतो : लायब्ररीचे विकसकांसाठीचे पॅकेज बसवणे. डेबियन व उबुंटूवर ते ‘झेडलिब१जी-डेव्ह’, फेडोरा कुळात ‘झेडलिब-डेव्हेल’. लायब्ररी यंत्रावर आहे, ती वापरणारे प्रोग्रॅम चालतात, तरी कॉन्फिगर नाही म्हणते, ही तक्रार फार जुनी आहे आणि तिचे उत्तर चालवण्यासाठीचे एक आणि विकसकांसाठीचे एक या दोन पॅकेजांच्या विभागणीत आहे.

‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ हा संदेशही असाच दिशाभूल करतो. कंपायलर ठणठणीत असतो. वापरणाऱ्याने दिलेल्या सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरच्या पर्यायांत) एक अक्षर चुकलेले असते, डिस्क भरलेली असते किंवा सी लायब्ररीची हेडर बसवायची राहिलेली असतात. कारण लॉगमध्येच मिळते.

याहून अवघड प्रकार गिट या आवृत्ती-नोंदीच्या साधनावरून थेट घेतलेल्या सोर्समध्ये आढळतो. तिथे कॉन्फिगर स्क्रिप्ट बहुधा आधी ऑटोकॉन्फने तयार करावी लागते. ती तयार होताना पीकेजी-कॉन्फिग या लायब्ररी शोधणाऱ्या साधनाची मॅक्रो फाइल (मॅक्रो म्हणजे ज्याच्या जागी लांब मजकूर भरला जातो असे छोटे नाव) यंत्रावर नसेल, तर मॅक्रोचे नाव विस्तार न होता स्क्रिप्टमध्ये तसेच राहते आणि कॉन्फिगर चालवताना शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) ‘सिंटॅक्स एरर’ म्हणून थांबते. वाचणारा शेलची चूक शोधत बसतो. घोडे पेंड खाते ते एक पायरी आधी. पीकेजी-कॉन्फिग बसवून ‘ऑटोरीकॉन्फ’ (स्क्रिप्ट नव्याने तयार करणारी आज्ञा) पुन्हा चालवले की काम होते.

मेक थांबल्यावर : शेवटची ओळ ‘एरर १’ किंवा ‘एरर २’ अशी असते आणि तिच्यात काहीही माहिती नसते. आतल्या निर्देशिकेतील मेकने बाहेरच्या मेकला दिलेली ती निव्वळ वर्दी. वर जाऊन पहिली चूक शोधावी. पुढच्या पन्नास चुका बहुधा तिच्याच पोटी झालेल्या असतात. ‘-जे’ पर्याय देऊन अनेक कामे एकदम चालवली असतील तर संदेश एकमेकांत मिसळतात. अशा वेळी तो पर्याय काढून मेक पुन्हा चालवावे. झालेले काम वाया जात नाही आणि नेमकी चुकीची फाइल शेवटी एकटी उभी राहते. ‘किल्ड’ हा शब्द दिसला तर कोडला दोष देऊ नये. सी++च्या मोठ्या फाइलीला स्मृती अपुरी पडून कर्नलने (प्रणालीच्या गाभ्याने) कंपायलरला मारलेले असते, आणि कर्नलच्या नोंदीत त्याचा उल्लेख सापडतो. तोच बिल्ड दर खेपेला वेगळ्या फाइलीवर कोसळत असेल तर रॅमची तपासणी करावी. ‘सिग्नल ११’ म्हणून १९९० च्या दशकात कर्नल कंपाइल करणाऱ्यांत हा अनुभव सर्वपरिचित होता.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही लिंकरची तक्रार असते. हेडर एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची, किंवा आज्ञेत लायब्ररीचे नाव ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी आलेले, ही तिची नेहमीची कारणे.

वेळेवर आधारलेल्या निर्णयाचा त्रास येथेही भेटतो. गिट फाइलींच्या मूळ वेळा जपत नाही. तयार स्क्रिप्टही गिटमध्ये ठेवलेली असेल आणि उतरवताना कॉन्फिगरच्या मूळ मसुद्याची वेळ तयार स्क्रिप्टपेक्षा क्षणभर नंतरची पडली, तर मेकला वाटते की स्क्रिप्ट शिळी झाली. मग ते ती पुन्हा तयार करण्यासाठी एका विशिष्ट आवृत्तीचे ‘अ‍ॅक्लोकल’ मागते आणि ते नाही म्हणून थांबते. जॉन्सन यांच्या वेळी शिळी फाइल ताजी मानली गेली होती; येथे ताजी फाइल शिळी ठरते.

जुना कोड, नवा कंपायलर : पूर्वी सुरळीत बिल्ड होणारे पॅकेज एकाएकी अडू लागले तर कंपायलरची आवृत्ती आधी पाहावी. जीसीसी १० (२०२०) पासून एकच ग्लोबल चल अनेक फाइलींत नुसते जाहीर केलेले असल्यास ‘मल्टिपल डेफिनिशन’ येते. ‘-एफकॉमन’ हा पर्याय जुने वर्तन परत आणतो. जीसीसी १४ (२०२४) चा बदल अधिक खोल आहे. जाहीर न केलेले फंक्शन वापरण्याची मुभा सी भाषेच्या १९९९ च्या मानकानेच काढून घेतली होती, पण जीसीसी पंचवीस वर्षे फक्त इशारा देत राहिला. आता ती चूक धरली जाते. क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या १६ व्या आवृत्तीने हे वर्षभर आधी केले होते.

याचा परिणाम मूळ कोडपेक्षा कॉन्फिगरवर अधिक घातक होतो, ही गोष्ट बहुतेक मार्गदर्शिकांत सुटते. हाताने लिहिलेल्या जुन्या तपासण्यांत ‘एक्झिट’ फंक्शन हेडर न जोडता वापरलेले असते. नव्या कंपायलरवर ती तपासणी अनुत्तीर्ण होते, पण ज्यासाठी ती लिहिली त्या कारणाने नव्हे. कॉन्फिगर ‘नो’ छापून पुढे जाते, ती सुविधा गुपचूप वगळली जाते आणि बिल्ड यशस्वी ठरतो.

अर्धवट यश : पायथॉनचे उदाहरण बोलके आहे. ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीची हेडर नसतानाही पायथॉन बिल्ड होते. वैकल्पिक मॉड्यूल तयार झाले नाहीत अशी यादी शेवटी येते आणि शेकडो ओळींच्या प्रवाहात नजरेआड होते. पुढे पिप (पायथॉनची पॅकेजे उतरवणारे साधन) चालवल्यावर एसएसएल मॉड्यूल उपलब्ध नाही असे कळते. पायथॉन ३.१० ला ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते, आणि सेंटओएस ७ या लिनक्सवर मुळात त्याहून जुनी होती, त्यामुळे हेडर असूनही तेथे हीच गत होते. पायथॉनच्या बाबतीत ‘मेक इन्स्टॉल’ऐवजी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ वापरावे, म्हणजे प्रणालीच्या ‘पायथॉन३’ या नावाला धक्का लागत नाही.

इन्स्टॉल झाल्यावर प्रोग्रॅम ‘शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही’ म्हणत असेल, तर लायब्ररी ‘/यूएसआर/लोकल/लिब’ मध्ये आहे आणि लोडरला (प्रोग्रॅम सुरू करताना लायब्ररी जोडणाऱ्या भागाला) तिची खबर नाही, ‘एलडीकॉन्फिग’ चालवावे. बिल्डची सगळी क्रिया सूडो (रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, अधिकार देणारी आज्ञा) देऊन करणे टाळावे. तसे केल्यास मधल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या खेपेला साधा वापरकर्ता त्यांवर लिहू शकत नाही. सूडो फक्त शेवटच्या पायरीला, आणि तेही प्रणालीच्या निर्देशिकेत लिहायचे असेल तरच.

विश्वासार्हता : मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली संकुचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. ती जागी करणारा तुकडा टारबॉलमधील (वितरणासाठी बांधलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यातील) एका मॅक्रो फाइलीत होता, गिटमधील सोर्समध्ये नव्हता. कॉन्फिगर चालवणे म्हणजे हजारो ओळींची परकी शेल स्क्रिप्ट आपल्या अधिकाराने चालवणे असते. म्हणून निदानाच्या घाईत कुठूनही मिळालेली टारबॉल उलगडू नये. टारबॉल आणि गिट यांतील फरक पाहणे हा आता निदानाचाच भाग मानला पाहिजे.

स्थानिक संदर्भ : यंत्राची भाषा मराठी ठेवलेली असल्यास, जेथे भाषांतर झाले आहे त्या साधनांचे संदेश मराठीत येतात. वाचायला ते सोयीचे, पण तोच संदेश इतरांना कुठे आला होता हे शोधताना ‘एलसी_ऑल=सी’ (संदेश मूळ इंग्रजीत आणणारी मांडणी) ठेवून आज्ञा पुन्हा चालवावी लागते.

पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्मसारख्या सामाईक महासंगणकांवर सामान्य वापरकर्त्याला रूटचे अधिकार नसतात, म्हणून कॉन्फिगरला ‘--प्रीफिक्स’ देऊन स्वतःच्या होम निर्देशिकेतच सर्व बसवावे लागते. मग पाथ (प्रोग्रॅम शोधण्याचा मार्ग), पीकेजी-कॉन्फिगचा मार्ग आणि लोडरचा मार्ग हे तिन्ही स्वतः सांगावे लागतात. एक विसरला तरी आधीच्या प्रकरणांतील कोणती ना कोणती चूक उभी राहते. अशा यंत्रांवर लॉगिन नोडवर (वापरकर्ता प्रवेश करतो त्या यंत्रावर) ‘-मार्च=नेटिव्ह’, म्हणजे ‘याच प्रोसेसरसाठी’, असा पर्याय देऊन कंपाइल केलेला प्रोग्रॅम वेगळ्या प्रोसेसरच्या नोडवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडू शकतो. तेव्हा प्रोग्रॅम न तपासता दोन्ही नोडचे प्रोसेसर ताडून पाहावेत आणि जुन्या प्रोसेसरचे नाव देऊन पुन्हा कंपाइल करावे.