वाय-फाय प्रारण आणि आरोग्य

वाय-फाय प्रारण : संगणक, मोबाइल इ. साधने बिनतारी पद्धतीने आंतरजालाशी जोडणाऱ्या रेडिओ तरंगांचे प्रारण. कंप्रता (दर सेकंदाची कंपने) मुख्यतः २·४ व ५ गिगॅहर्ट्‌झच्या आसपास. पहिले तांत्रिक मानक (८०२·११) १९९७ मध्ये ठरले. भारतात २·४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला.

या कंप्रतेच्या एका फोटॉनाची (प्रारणाच्या ऊर्जाकणाची) ऊर्जा सु. एक लक्षांश इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. रेणूतून इलेक्ट्रॉन सुटायला साधारण १० इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. म्हणजे आयनीकरण (रेणूतून इलेक्ट्रॉन सुटणे) होत नाही. क्ष-किरण आणि राउटर (वाय-फायचे तरंग सोडणारे यंत्र) यांना एकाच ‘रेडिएशन’ शब्दात कोंबल्याने निम्मा गोंधळ माजलेला आहे. सूक्ष्मतरंग भट्टीची कंप्रता जवळपास हीच, पण तिच्यात शेकडो वॅट धातूच्या पेटीत कोंडलेले असतात. ०·१ वॅटचे राउटर सर्व दिशांना सारखे प्रक्षेपण करते असे धरले, तर १ मी. अंतरावर दर चौ. मी. सु. ०·००८ वॅट पोहोचतात, तेही ते अखंड प्रक्षेपण करीत असेल तर. अनायनी प्रारणापासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची सर्वसामान्य जनतेसाठीची मर्यादा दर चौ. मी. १० वॅट आहे.

ही मर्यादा कशावर आधारावी, हा जुना वाद. जीवभौतिकीविज्ञ हर्मन श्वान यांनी १९५३ च्या सुमारास केवळ ऊतक तापण्याचा हिशेब करून दर चौ. मी. १०० वॅट ही मर्यादा सुचवली व अमेरिकेत ती रूढ झाली. सोव्हिएट संघाने त्याच दशकाच्या अखेरीस ०·१ वॅट, म्हणजे हजारपट कडक मर्यादा घातली. थकवा, डोकेदुखी, निद्रानाश अशा तक्रारी या प्रारणाजवळ काम करणाऱ्या कामगारांमध्ये आढळल्याचे तेथील वैद्यांचे म्हणणे होते. मात्र तुलनेसाठीचे गट व मोजमापे यांबाबत ती निरीक्षणे कच्ची मानली जातात. मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीवर सोव्हिएट यंत्रणेने १९५० च्या दशकापासून सूक्ष्मतरंग सोडले. त्यांची तीव्रता अमेरिकन मर्यादेच्या कितीतरी खाली होती. तेथील कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा साथरोगतज्ज्ञ एब्राहम लिलीएनफेल्ड यांनी केलेला अभ्यास (१९७८) अपाय दाखवू शकला नाही. तापण्याखेरीज इतर परिणामांचा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत आहे.

कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने (ल्याँ) मे २०११ मध्ये रेडिओ कंप्रतेचे प्रारण ‘२ ब’ या ‘कदाचित कर्कजनक’ गटात टाकले. या निर्णयाचा मुख्य आधार डोक्याला चिकटवून वापरलेल्या बिनतारी फोनांच्या अभ्यासांचा होता, वाय-फायचा नव्हे. शिवाय हा गट पुराव्याची बळकटी सांगतो, धोक्याचे प्रमाण नाही. आशियाई पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्याही त्यात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या २०२४ च्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. उंदरांवरील प्रयोगांत (२०१८) नरांच्या हृदयात गाठी आढळल्या, पण प्रारणाची मात्रा फार मोठी होती, आणि प्रारण दिलेले नर न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले. एकूण पाहता, घरगुती पातळीला अपाय सिद्ध नाही हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘विद्युत् चुंबकीय अतिसंवेदनशीलते’तील (अशा तरंगांमुळे आपल्याला त्रास होतो असे काहींना वाटते, त्या अवस्थेतील) त्रास खरा असतो; कारण वादग्रस्त आहे. तरंग चालू आहेत की बंद, हे दुहेरी-अंध चाचण्यांत (रुग्ण व तपासणारा दोघांनाही ते ठाऊक नसते अशा) रुग्णांना ओळखता आलेले नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४७ जणांपैकी काहींना वाय-फायच्या धोक्यांवरचा माहितीपट दाखवला, काहींना दुसराच. मग सर्वांना १५ मिनिटे खोटा संकेत ‘दिला’. लक्षणे अनेकांना जाणवली. दोघे तर मध्येच उठून गेले.

भारतात चर्चा मुख्यतः मोबाइल मनोऱ्यांभोवती फिरली. मुंबईच्या आय.आय.टी.तील गिरीश कुमार यांनी २०१० मध्ये दूरसंचार विभागाला अहवाल दिला. १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू झाली. लहान मुलांवरील वाय-फायच्या परिणामांचे स्वतंत्र अभ्यास मोजकेच आहेत. फ्रान्सने २०१५ च्या कायद्याने तीन वर्षांखालील मुलांच्या पाळणाघरांतील खास खोल्यांत वाय-फायला मनाई केली, आणि प्राथमिक शाळांत वापर नसताना ते बंद ठेवण्यास सांगितले.