आम्लाची वाट पाहणारा विषाणू

करोनाच्या साथीत ‘अल्कधर्मी पाणी प्या, शरीरातील आम्लता घटली की विषाणू आपोआप मरतो’ असा सल्ला अनेकांच्या मोबाइलवर येऊन पडला होता. सल्ला चुकीचा होता, पण गंमत अशी की विषाणू आणि आम्लता यांचा संबंध मात्र खराच आहे. तो उलगडणाऱ्यांत १९४४ साली फिनलंडमध्ये जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हेलेनियस यांचे नाव आधी घ्यावे लागते.

हेलेनियस विषाणूंकडे वळले ते रोगामुळे नव्हे, तर पटलामुळे, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणामुळे. हेलसिंकीत काई सिमन्स यांच्यासोबत काम करताना मेदाचे पटल डिटर्जंटने कसे विरघळते, हा त्यांचा अभ्यासविषय होता. त्यासाठी लागणारे साधे, एकसारखे पटल सेमलिकी फॉरेस्ट विषाणूभोवती आयते मिळत होते. १९४२ मध्ये युगांडातील जंगलातल्या डासांत सापडलेला हा विषाणू चिकुनगुन्याच्या विषाणूचा भाऊबंद. जेमतेम ७० नॅनोमीटर व्यास, मेदाच्या पटलातून डोकावणारे ८० प्रथिनकाटे आणि आत आरएनएचा एक धागा, एवढाच त्याचा संसार.

पुढे हायडेलबर्गच्या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत प्रश्न बदलला: हा पेशीत शिरतो कसा? हेलेनियस आणि सहकाऱ्यांनी पेशी बर्फावर ठेवून त्यांवर विषाणू सोडले. थंडीत विषाणू पेशीला चिकटतो, पण आत जाऊ शकत नाही. सगळे दारातच ताटकळतात. तापमान ३७ अंशांवर नेले की ते एकदम निघतात, आणि ठरावीक मिनिटांनी पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की प्रवासाचे टप्पे दिसतात. विषाणू पटलावरच्या, क्लॅथ्रिन प्रथिनाचे अस्तर असलेल्या खळग्यात बसतो, खळगा मिटून त्याची पिशवी होते आणि ती आत ओढली जाते. ही वाट विषाणूने पाडलेली नाही. पेशी पोषकद्रव्ये घेण्यासाठी ती रात्रंदिवस वापरते.

मात्र पिशवीतला विषाणू खऱ्या अर्थाने अजून बाहेरच असतो, कारण त्याच्या आणि पेशीद्रवाच्या मध्ये पिशवीचे पटल उभे असते. पेशी या पिशवीत, म्हणजे एंडोसोममध्ये, हायड्रोजन आयन पंपाने भरत राहते. सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ७.४ वरून ६.२ च्या आसपास आला, म्हणजे आयनांचे प्रमाण सुमारे १६ पट झाले, की काट्यांतील ई-१ आणि ई-२ या प्रथिनांची जोडी सुटते. मोकळ्या झालेल्या ई-१ चे टोक पिशवीच्या पटलात रुततात, तीन-तीन ई-१ रेणू एकत्र येऊन केसांच्या पिनेसारखे दुमडतात, आणि त्या दुमडण्याच्या जोराने दोन्ही पटले जवळ येऊन काही सेकंदांत एकजीव होतात. आतला ऐवज पेशीद्रवात उतरतो.

क्लोरोक्विन या हिवतापाच्या औषधाने एंडोसोमची आम्लता घटवली की संसर्ग थांबतो, हे या चमूने दाखवलेच. पण मला अधिक आवडतो तो १९८० मधला उलटा पुरावा. पेशीच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या विषाणूंना क्षणभर आम्ल द्रावणाची आंघोळ घातली, तर ते पिशवीची वाट न पाहता तिथेच पटलात मिसळून जातात.

चाळीस वर्षांनी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा गाजावाजा झाला, त्याच्या मुळाशी हेच तर्कशास्त्र होते. माकडाच्या वृक्कपेशींत औषध चालले. फुप्फुसाच्या पेशींत चालले नाही, कारण तिथे टीएमपीआरएसएस-२ हे विकर पृष्ठभागावरच करोनाचा काटा कापून देते आणि आम्लाची गरजच उरत नाही. अल्कधर्मी पाण्याबद्दल तर बोलायलाच नको: ते जठरातील आम्लापुढे टिकत नाही, रक्ताचा सामू शरीर ७.४ च्या आसपास घट्ट धरून ठेवते, आणि एंडोसोमचा सामू पेशीचे पंप ठरवतात.

१९८१ मध्ये हेलेनियस येल विद्यापीठात गेले आणि नव्या प्रथिनांची घडी पडताना कॅलनेक्सिन हे मदतनीस प्रथिन त्यांना कसे सांभाळते, याचा शोध त्यांनी घेतला. १९९७ पासून ते झुरिकच्या ईटीएच या तंत्रविज्ञान विद्यापीठात होते. तिथे २००८ साली जेसन मर्सर यांच्यासोबत त्यांनी दाखवले की देवीच्या लसीतला व्हॅक्सिनिया विषाणू अंगावर फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद मिरवतो. मरणाऱ्या पेशींच्या अवशेषांवर हीच खूण असते, म्हणून शेजारची पेशी त्याला कचरा समजून गिळते. हे सिद्ध करताना जुनीच युक्ती कामी आली: डिटर्जंटने विषाणूचा मेद काढून घेतला, तेव्हा त्याची संसर्गक्षमता गेली, हा एक मेद परत दिला, तेव्हा ती परत आली.