चष्म्याची काडी आणि हरवलेला पखवाज

कुडाळजवळ राहणारे माझे मामा डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांचे, जुने श्रोते. आता गुडघ्यांमुळे रात्रभर मांडवात बसणं जमत नाही, म्हणून मोबाईलवर बाऱ्या ऐकतात. पण मृगाचा पाऊस पडवीच्या पत्र्यावर कोसळायला लागला की मोबाईलच्या स्पीकरचं काही चालत नाही. म्हणून गेल्या वर्षी मी त्यांच्यासाठी हेडफोन नेले. फार महागाचे नव्हेत, पण पूर्ण कान झाकणारे आणि मागून बंद, म्हणजे ज्यांना क्लोज्ड-बॅक म्हणतात ते. मामांनी एक गजर ऐकला आणि म्हणाले, "आवाज बरो आसा, पण पखवाज खंय गेलो?"

बुवांचा आवाज, पेटी, टाळ सगळं लख्ख होतं. फक्त पखवाजाच्या डाव्या पुडीचा, कणीक लावल्यावर येणारा तो घुमारा नव्हता. मी म्हटलं, "मामा, जरा चष्मा काढा बघू." त्यांनी काढला, हेडफोन पुन्हा नीट बसवले आणि मान डोलवायला लागले. "हां, आता इलो."

हेडफोन घेताना दुकानात मला सांगितलं होतं की मागून बंद आहे आणि ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला पडदा आहे, म्हणून बास, म्हणजे खालचे स्वर दणदणीत. ही समजूत सगळीकडे आहे आणि ती अर्धवट आहे. मागचं झाकण मुख्यतः बाहेरचा गोंगाट आत येऊ देत नाही आणि आतला आवाज शेजारच्याला ऐकू जाऊ देत नाही. बास राहतो तो पुढच्या बाजूला, कपाच्या कडेची गादी आणि कानाभोवतीची कातडी यांच्या मिठीत.

ती मिठी काय करते ते जरा सविस्तर बघू, कारण सगळी गंमत तिथे आहे. कोकणातल्या उबदार हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. पखवाजाचा घुमारा समजा ७० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७० कंपनांचा धरला, तर त्याची तरंगलांबी झाली ५ मीटर. कान आणि ड्रायव्हरचा पडदा यांच्यात अंतर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत ५ मीटरची लाट मावणार कुठे? ती तिथे लाट नसतेच. पडदा पुढे आला की कपातली हवा सगळीकडे एकदम दाबली जाते, मागे गेला की सैल होते. तुमच्या कानाच्या पडद्याला जाणवतो तो हा दाब. बंद डब्यातली हवा इथे स्प्रिंगचं काम करते.

आता या डब्याला फट पाडा. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट सैलसर ठेवा आणि दांडा हळू दाबा. हवा फुस्स करून निघून जाते, हाताला विरोध जाणवत नाही. तोच दांडा झटक्यात दाबा, हवेला निसटायला वेळ मिळत नाही आणि दांडा अडतो. ७० हर्ट्झला पडदा एका दिशेने जायला सुमारे ७ मिलिसेकंद घेतो. टाळांच्या किणकिणाटातला ३५०० हर्ट्झचा स्वर घेतला तर तेच काम ०.१४ मिलिसेकंदात होतं. म्हणजे पखवाजाच्या हवेला चष्म्याच्या काडीखालून पळायला टाळांच्या पन्नासपट वेळ मिळतो. म्हणून टाळ शाबूत राहतात आणि पखवाज गळून जातो.

थोडं आणखी खोलात. फट केसासारखी बारीक असेल तर तिच्यातून जाणाऱ्या हवेला घर्षण अडवतं. अशा वेळी एका मर्यादेखाली वारंवारता निम्मी झाली की दाबही निम्मा होतो, म्हणजे ६ डेसिबलची घट. फट रुंद असेल तर घर्षणापेक्षा त्या फटीतल्या हवेचं वस्तुमान महत्त्वाचं ठरतं, आणि वारंवारता निम्मी झाली की दाब चौथाईवर येतो, म्हणजे १२ डेसिबल. जाड काडीचा चष्मा, कानातली मोठी कुडी, गादीखाली अडकलेली केसांची बट, यांतलं काहीही ही फट तयार करतं. ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर फटीपुढे हतबल असतो. चांगला टेकलेला ४० मिलिमीटरचा त्याला सहज मागे टाकतो.

त्याच फटीतून बाहेरचा गोंगाटही आत येतो. पत्र्यावरच्या पावसाचा तडतडाट उंच स्वरांचा असल्यामुळे बंद कप त्याला चांगलं अडवतात. एसटीच्या इंजिनाची घरघर मात्र खालच्या स्वरांची, ती प्लास्टिकच्या कपाला फारशी दाद देत नाही. तिच्यासाठी उलटा आवाज सोडून गोंगाट मारणारी इलेक्ट्रॉनिक युक्ती आहे. तिचं पेटंट जर्मनीच्या पॉल ल्युगला अमेरिकेत १९३६ साली मिळालं. घरात बसून ऐकणाऱ्यासाठी त्यावर जादा पैसे घालवायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गोंगाट कमी झाला की आवाज वाढवावा लागत नाही, हा खरा फायदा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास एवढी मर्यादा सांगते. दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो.

आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. स्वस्त हेडफोनच्या गाद्यांवर रेक्झिनसारखं पॉलियुरेथेनचं आवरण असतं. ऊब आणि ओल मिळाली की पाण्याचे रेणू त्याच्या लांब साखळ्या हळूहळू तोडतात. मग ते भेगाळतं, काळ्या पापुद्र्यांनी गळतं आणि कानामागे चिकटतं. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या पर्सचं जे होतं तेच. भेग पडली की पुन्हा फट, पुन्हा पखवाज गायब. म्हणून गाद्या बदलता येतात का आणि सुट्या मिळतात का, हे दुकानात आधी विचारा. मखमली गादीला घाम कमी येतो, पण तिच्यातून हवा जाते, त्यामुळे बास थोडा कमी होतो.

नवा हेडफोन शंभर तास वाजवून "मुरवावा" लागतो, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यावर विश्वास ठेवू नका. काही दिवसांत गादी डोक्याच्या आकाराला बसते आणि आपला कान सरावतो, फरक जाणवतो तो मुख्यतः त्यामुळे. सोन्याच्या मुलाम्याची पिन खाऱ्या हवेत गंजत नाही, तेवढा उपयोग तिचा नक्की आहे. तिने आवाज गोड होत नाही.

बाकी थोडक्यात. मोबाईलला लावायचा असेल तर ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) आसपासचा घ्या, २५० ओहमचा स्टुडिओचा हेडफोन मोबाईलवर बहुधा क्षीण वाजतो. स्टुडिओच्या हेडफोनची वायर तीन मीटरचीही असते, खाटेवर पडून ऐकणाऱ्याच्या ती पायात येते. फोनला गोल जॅक आहे का तेही पाहा.

दुकानात एक परीक्षा जरूर करा. ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला शक्य झाल्यास सोबत न्या, त्याचा रोजचा चष्मा घालूनच हेडफोन चढवा आणि पखवाज किंवा ढोल लावा. मग दोन्ही कप तळहातांनी हलके दाबा. घुमारा एकदम वाढला तर तो हेडफोन त्या डोक्याला बसत नाही, दुसरा मागा. मामांना पुढच्या वेळी मी बारीक काडीचा चष्मा करून दिला आणि गाद्यांचा एक जादा जोडही घेऊन ठेवला आहे. हेडफोन मात्र तेच आहेत.