महाविद्यालयीन खेळाडूंचे अर्थार्जन (अमेरिका)

अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांतून खेळणाऱ्या विद्यार्थ्यांनी खेळातून मिळवलेली कमाई आणि तिच्यामुळे तिथल्या महाविद्यालयीन क्रीडाविश्वात झालेले बदल यांचा विचार या नोंदीत केला आहे. २०२१ पर्यंत अशा कमाईला बंदी होती. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्याला खेळाडूंचे मित्र आणि थोडेफार हौशी लोक जमतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाची क्षमता १ लाख ७ हजारांहून अधिक आहे. (हा चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकी फुटबॉल.) महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने दर मार्चमध्ये होणाऱ्या पुरुष बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार २०१६ मध्ये आठ वर्षांनी वाढवला, तो ८८० कोटी डॉलरना. बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे तिथल्या विद्यापीठाचा प्रशिक्षक. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिंबो फिशर या फुटबॉल प्रशिक्षकाला मुदतीआधी काढले, तेव्हा करारापोटी त्यांना ७ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे विद्यापीठावर आले. म्हणजे या खेळांत पैसा नव्याने आलेला नाही. खेळणाऱ्याला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हते.

फुटबॉलमध्ये दरवर्षी होणारे मृत्यू आणि जीवघेण्या दुखापती यांवरून गदारोळ झाला आणि त्यातून १९०६ मध्ये एनसीएएची मूळ संस्था उभी राहिली. खेळाडू हौशीच असावा, हे तिचे तत्त्व. क्रीडा शिष्यवृत्तीला तिने १९५६ मध्ये रीतसर मान्यता दिली. त्याच सुमारास कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून दगावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ती नाकारली. अशा दाव्यांच्या धास्तीनेच एनसीएएने खेळाडूंना सर्वत्र ‘विद्यार्थी-खेळाडू’ म्हणण्याचा दंडक घातला. हा शब्द पुढे अर्धशतकाहून जास्त काळ संस्थेच्या कायदेशीर बचावाची ढाल होता. शिक्षाही कडक असत. फुटबॉलपटू रेजी बुश याला २००५ ची हाइझमन ट्रॉफी (सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा मान) परत करावी लागली, कारण विद्यार्थी असताना त्याने आणि कुटुंबाने आर्थिक लाभ घेतल्याचा ठपका होता. २०२४ मध्ये ती त्याला पुन्हा देण्यात आली.

ही व्यवस्था मोडली ती न्यायालयांत. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःची हुबेहूब प्रतिकृती दिसली आणि २००९ मध्ये त्याने एनसीएएवर दावा लावला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंना जाहिरातींतून कमाई करू देणारा कायदा केला. २१ जून २०२१ रोजी ‘एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. निकाल शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता. पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र निकालपत्रात, कामगारांना वाजवी मोबदला न देण्याचे संगनमत इतर कोणत्याही उद्योगाला खपवता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले. नऊ दिवसांत एनसीएएने माघार घेतली आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव, छबी आणि ओळख वापरून कमावण्याची मुभा मिळाली. हीच ‘एनआयएल’ पद्धत.

आयोवाची बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क आणि लुइझियाना स्टेटची जिम्नॅस्ट ऑलिव्हिया डन यांच्यासारख्या मुलींना मोठ्या जाहिराती मिळाल्या, ही या पद्धतीची चांगली बाजू. डनच्या खेळात पदवीनंतर व्यावसायिक कारकीर्द जवळजवळ नसतेच. कमावण्याची वर्षे हीच. दुसरीकडे धनाढ्य माजी विद्यार्थ्यांनी ‘कलेक्टिव्ह’ नावाचे निधी उभारले आणि जाहिरातीच्या नावाखाली सरळ खेळाडूंची बोली लागू लागली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीमुळे, विद्यापीठ बदलणे सोपे झाले होतेच. २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली आणि २०२४ मध्ये बदल्यांवरची मर्यादाच उठली. अनेक संघ आता दर हंगामात जवळजवळ नव्याने बांधावे लागतात.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी, कमाईवरील बंधनांविरुद्ध खेळाडूंनी लावलेल्या ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ दाव्यातील तडजोड मंजूर केली. तिच्यानुसार २०१६ पासूनच्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे आहेत आणि प्रत्येक विद्यापीठ पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वाटू शकते. बाहेरच्या ६०० डॉलरवरील करारांची नोंद आणि छाननी बंधनकारक झाली.

वाटणीचा प्रश्न सर्वांत कळीचा आहे. मोठी विद्यापीठे बहुतांश रक्कम फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलला देत आहेत, कारण उत्पन्न तिथून येते. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा या वाटपाला लागू होतो का, याबद्दल तीव्र मतभेद आहेत. काही महिला खेळाडूंनी याच मुद्द्यावर तडजोडीविरुद्ध अपील केले. शिवाय तडजोडीने शिष्यवृत्तींऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आणली. त्यामुळे शिष्यवृत्तीविना खेळणारी मुले संघाबाहेर फेकली जाऊ लागली. त्यांची सोय लावल्याशिवाय मंजुरी देण्यास विल्केन यांनी नकार दिला होता, हे त्यांचे श्रेय. टेनिस, पोहणे, कुस्ती असे खेळ फुटबॉलच्या उत्पन्नावर चालतात. ते बंद पडण्याची भीती खरी आहे आणि ते बंद पडले तर अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचा पायाच खचेल. मात्र सगळा दोष खेळाडूंच्या कमाईला देणे अन्यायाचे आहे. लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी ही विद्यापीठे २०२४ मध्ये आपसांत सामने खेळणाऱ्या, हजारो किलोमीटर दूरच्या विद्यापीठांच्या ‘बिग टेन’ गटात गेली. त्यामुळे व्हॉलीबॉलच्या मुलींना एका सामन्यासाठी देश ओलांडावा लागतो. तो निर्णय टीव्हीच्या पैशासाठी विद्यापीठांनी घेतला होता.

खेळाडू नोकर आहेत की नाहीत, हा प्रश्न तडजोडीने सोडवलेला नाही. डार्टमथच्या पुरुष बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटना स्थापण्याचा कौल दिला, पण वर्षाअखेर अर्ज मागे घेतला. नोकर म्हणून मान्यता मिळाली तर संघटनेशी वाटाघाटी करून ठरवलेली वेतनमर्यादा न्यायालयात टिकू शकते. आजची मर्यादा तशी ठरलेली नसल्याने तिला पुन्हा आव्हान मिळू शकते.

परदेशी विद्यार्थी या बदलाच्या बाहेर राहिले आहेत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर नोकरी करण्यावर कडक बंधने आहेत, त्यामुळे अमेरिकेत राहून जाहिरातीचे काम केले तर व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. भारतीय मुले-मुली तिथे मुख्यतः टेनिस आणि गोल्फसाठी जातात. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये एनसीएएचे एकेरीचे विजेतेपद मिळवले. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे रोहन बोपण्णासह हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकली. त्यांच्या मागून जाणाऱ्यांना आज त्याच संघातील अमेरिकी सहकाऱ्याइतकी कमाईची मोकळीक नाही.