शोकेसच्या आतली हवा: संग्रहालयातले धातू का काळवंडतात

चांदी काळी पडली की दोष शहरातल्या धुराला दिला जातो. तो काही अंशी खराही आहे. पण शोकेस जितकी घट्ट बंद, तितकी ती बनवताना वापरलेल्या लाकूड, कापड, रंग, गोंद अशा सामानातून निघणारी वाफ आतच साठत जाते, ही गोष्ट संग्रहालयांच्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

पहिला इशारा धातूंनी दिलाच नव्हता. 1899 मध्ये इंग्लंडमधल्या बाइन यांनी लाकडी कपाटातल्या शंखशिंपल्यांवर येणाऱ्या पांढऱ्या भुकटीविषयी लिहिलं. त्यांनी ठपका ठेवला ब्युटिरिक आम्लावर. खरा अपराधी लाकडातून सुटणारं ॲसिटिक आम्ल होतं, हे पुढे कळलं. शिशाचं नुकसान तेच आम्ल करतं. आधी शिशाचं ॲसिटेट बनतं, मग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचं पांढरं कार्बोनेट होतं आणि आम्ल पुन्हा मोकळं सुटतं. त्यामुळे थोडीशी वाफही बराच काळ शिसं खात राहते. ओकचं लाकूड यात विशेष वाईट. सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी खणात ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

चांदीचा शत्रू गंधक. लोकरीचं कापड, व्हल्कनाइझ केलेलं (गंधक घालून टणक केलेलं) रबर यांतून गंधकाचे वायू निघतात आणि चांदीवर सल्फाइडचा थर चढतो: आधी पिवळसर, मग तपकिरी, निळसर, शेवटी काळा. नाकाला वास येण्याच्या कितीतरी आधी हे सुरू होतं.

1973 मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी शोकेसचं सामान आधीच तपासायची पद्धत मांडली. आज ती साधारण अशी करतात: सुमारे 2 ग्रॅम नमुना, थोडं ऊर्ध्वपातित पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या घासून ॲसिटोनने पुसलेल्या पट्ट्या काचेच्या नळीत बंद करायच्या; नळी 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस ठेवायची. सोबत नमुना नसलेली एक नळी हवीच, तुलना तिच्याशी होते. पट्टीला बोट लागलं किंवा पाण्याचा थेंब टेकला तर तिथेच डाग उमटतो. बूच सैल असलं तर पाणी उडून जातं आणि वाईट सामानही निर्दोष ठरतं. ही चूक जास्त घातक.

निकाल तीन: कायमसाठी योग्य, सहा महिन्यांपर्यंतच्या प्रदर्शनापुरतं योग्य, अयोग्य. निवाडा मात्र डोळ्यांनी करायचा असल्याने दोन तपासनीसांचं मत जुळेलच असं नाही. आणि उत्पादक रंगाचं किंवा गोंदाचं मिश्रण न सांगता बदलतात, तेव्हा गेल्या वर्षी पास झालेला डबा यंदा पुन्हा तपासावा लागतो.