हॉटेल-करासाठी तारण: अमेरिकेतल्या शहरांच्या अटीमागची पार्श्वभूमी

अमेरिकेतली काही शहरे हॉटेलचालकाला अट घालतात: पाहुण्यांकडून गोळा होणाऱ्या हॉटेल-करापोटी आधी तारण ठेवा. या करावर नजर टाकली की ही अट कुठून आली ते कळते. न्यूयॉर्क शहराने १९४६ मध्ये हॉटेलच्या खोल्यांवर कर लावला. टेक्सासने १९५९ मध्ये राज्यभर तीन टक्के कर लावला, आणि १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातली शहरेही या वाटेला लागली. तिथे १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रस्ताव १३’ने मालमत्ता कराला एक टक्क्याची मर्यादा घातली. तेव्हापासून हॉटेल-कर शहरांसाठी वरकमाई राहिला नाही.

हा कर द्यायचा पाहुण्याने, गोळा करायचा मात्र हॉटेलचालकाने. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच शहरांच्या नियमांचा साचा एकच आहे: धंदा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत नोंदणी, तिमाहीनंतरच्या महिनाअखेरीपर्यंत विवरणपत्र आणि भरणा, उशीर झाल्यास १० टक्के दंड. खरी अडचण या वेळापत्रकातच आहे. १ जानेवारीला घेतलेला कर ३० एप्रिलपर्यंत चालकाच्या खात्यात राहतो. तो शहराचा पैसा असतो, पण हात तंग झाला की पगार आणि वीजबिल त्यातूनच भागवले जाते. दंडाची भीती चालू धंद्याला असते. इमारत भाड्याची आणि चालवणारी कंपनी रिकामी असेल, तर धंदा बंद पडल्यावर वसूल करायला काही उरत नाही.

म्हणून शहरांनी विक्रीकराचा जुना उपाय उचलला: रोख अनामत, शुअरिटी बाँड (चालकाने कर बुडवला तर हमीदार कंपनी तो भरेल असा करार) किंवा बँक हमी. रक्कम ठरवण्याचे सूत्रही बहुधा तिथलेच. नेवाडाच्या विक्रीकर कायद्यात तिमाही विवरणपत्र भरणाऱ्याकडून सरासरी कराच्या दुपटीपर्यंत, मासिक भरणाऱ्याकडून तिपटीपर्यंत तारण मागता येते. समजा ४० खोल्या, त्यातल्या सरासरी ७० टक्के भरलेल्या, रात्रीचे भाडे १२० डॉलर, कर १२ टक्के. ९० दिवसांचा कर ३६,२८८ डॉलर होतो, म्हणजे तारण ७२,५७६. हेच हॉटेल दरमहा कर भरू लागले, तर ३० दिवसांच्या कराच्या, १२,०९६ च्या, तिप्पट, म्हणजे ३६,२८८ डॉलर पुरतात. शहराचा धोका आणि चालकाचे अडकलेले भांडवल दोन्ही निम्म्यावर येतात. लहान हॉटेलांसाठी हाच मार्ग आम्हाला जास्त न्याय्य वाटतो.

बाँडला विमा समजणे ही नेहमीची चूक. हमीदार कंपनी शहराला पैसे देते आणि मग ते चालकाकडून वसूल करते. बाँड मालकाच्या नावावर आणि कराची नोंदणी हॉटेल चालवणाऱ्या कंपनीच्या नावावर असेल, तर दावा तिथेच अडतो. हंगामी गावात वर्षाची सरासरी धरली की गर्दीच्या तिमाहीत तारण तोकडे पडते.

हॉटेल विकले गेले तर जुन्या चालकाचे तारण नव्याच्या कामी येत नाही. म्हणून टेक्सासच्या कायद्यानुसार खरेदीदाराने थकीत कराइतकी रक्कम किमतीतून राखून ठेवायची असते. विक्रेत्याने कर भरल्याची पावती किंवा काही देणे नसल्याचा दाखला आणेपर्यंत ती सोडायची नाही. सोडली, तर किमतीच्या मर्यादेत ती थकबाकी खरेदीदाराच्या अंगावर येते.