प्रॉपर्टी आहे की नाही: जावास्क्रिप्टमधल्या तपासणीची पार्श्वभूमी

ब्रेंडन आइक यांनी 1995 साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंग भाषा रचली, तेव्हा त्यांनी सेल्फ या भाषेतून प्रोटोटाइपची कल्पना उचलली. ऑब्जेक्ट म्हणजे नावानिशी ठेवलेल्या मूल्यांचा गठ्ठा, प्रॉपर्टी म्हणजे त्यातली एक नोंद, आणि प्रोटोटाइप म्हणजे ऑब्जेक्टला वारसा देणारा दुसरा ऑब्जेक्ट. मागितलेली प्रॉपर्टी ऑब्जेक्टकडे नसेल तर शोध त्याच्या प्रोटोटाइपकडे, तिथून पुढच्या प्रोटोटाइपकडे जातो. साखळी संपली तरी एरर येत नाही, मुकाट्याने अनडिफाइन्ड, म्हणजे 'मूल्य ठरलेले नाही' असे उत्तर, मिळते. प्रॉपर्टी मुळातच नसली किंवा असून तिचे मूल्य अनडिफाइन्ड असले, तरी वाचणाऱ्याच्या हाती एकच उत्तर पडते. पुढच्या बहुतेक भानगडी यातूनच निघाल्या.

सुरुवातीला प्रॉपर्टी आहे की नाही ही तपासणी लागायची ती ब्राउझर ओळखायला. डॉक्युमेंट.ऑल दिसले की इंटरनेट एक्सप्लोरर, डॉक्युमेंट.लेयर्स दिसले की नेटस्केप 4. यासाठी साधी इफची अट पुरत होती. तीच सवय साध्या डेटाला लागली आणि शून्य, रिकामी स्ट्रिंग (मजकूर), फॉल्स ही खरोखर भरलेली मूल्येही 'नाही'त जमा होऊ लागली. (डॉक्युमेंट.ऑल तर पुढे मुद्दाम खोटे बोलायला शिकले: जुन्या साइट मोडू नयेत म्हणून मूल्याचा प्रकार सांगणारा टाइपऑफ त्यासाठी आजही अनडिफाइन्ड येतो, पण इन ऑपरेटरला ते दिसते.)

डिसेंबर 1999 च्या एकमास्क्रिप्ट 3 मध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या अधिकृत प्रमाणाच्या तिसऱ्या आवृत्तीत, दोन नेमकी साधने आली. इन ऑपरेटर सगळी साखळी धुंडाळतो. हॅजओनप्रॉपर्टी फक्त ऑब्जेक्टची स्वतःची प्रॉपर्टी पाहते. फरक किती महागात पडतो, ते शब्द मोजणाऱ्या कोडमध्ये कळते. रिकाम्या ऑब्जेक्टमध्ये 'कन्स्ट्रक्टर' हा शब्द आहे का, असे इनला विचारले तर उत्तर ट्रू येते, कारण त्या नावाचे फंक्शन वारशाने आलेले असते. मग मोजणीत एक मिळवायला जावे तर फंक्शनला स्ट्रिंग करून तिच्या शेवटी 1 चिकटवला जातो. इनची आणखी एक खोड आहे: आधी उद्गारचिन्ह लावून नकार लिहिताना कंस विसरला, तर नकार आधी कीला, म्हणजे प्रॉपर्टीच्या नावाला, लागतो आणि 'फॉल्स' नावाची प्रॉपर्टी शोधली जाते. उजवीकडे स्ट्रिंग किंवा नल ('काहीच नाही' हे मूल्य) आले तर सरळ टाइपएरर.

हॅजओनप्रॉपर्टीतही एक भोक होते, कारण ही मेथड (ऑब्जेक्टवर बोलावायचे फंक्शन) स्वतःच वारशाने मिळते. बाहेरून आलेल्या जेसनमध्ये (डेटा देवाणघेवाणीच्या मजकुरात) याच नावाची की असेल तर मूळ मेथड झाकली जाते आणि कॉल कोसळतो. 2009 च्या एकमास्क्रिप्ट 5 ने ऑब्जेक्ट.क्रिएटला नल देऊन प्रोटोटाइपविना ऑब्जेक्ट बनवण्याची सोय दिली. त्यावर तर ही मेथड नसतेच. म्हणून ऑब्जेक्ट.प्रोटोटाइपवरची मूळ मेथड 'कॉल' वापरून बोलावण्याचा लांबलचक वाक्प्रयोग रूढ झाला. एकमास्क्रिप्ट 2022 मधली ऑब्जेक्ट.हॅजओन तेच काम थोडक्यात करते: पहिला ऑब्जेक्ट, दुसरी की. की बाहेरून येत असतील, तर 2015 पासून असलेला मॅप (की आणि मूल्यांच्या जोड्यांचा साठा) आणि त्याची हॅज मेथड याहून बरी.

इन मात्र निवृत्त झालेला नाही. ब्राउझरमध्ये सर्व्हिस वर्करची (पानामागे चालणाऱ्या स्क्रिप्टची) सोय आहे का, हे नॅव्हिगेटर या ब्राउझरची माहिती देणाऱ्या ऑब्जेक्टवर तपासताना तोच लागतो. ती प्रॉपर्टी नॅव्हिगेटरच्या प्रोटोटाइपवर बसलेली असते, त्यामुळे सोय असूनही हॅजओन फॉल्स सांगते.